कपाटाची चावी

दरवर्षी जून महिना सरत आला की माझ्या टेबलावर एक ठरावीक फाईल येते. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. माझे खाते कोणते ते सांगत नाही, कारण नोकरी अजून बारा-तेरा वर्षे करायची आहे. फाईलमध्ये बिले असतात. बॅनर एक, पुष्पगुच्छ पाच, स्मृतिचिन्हे तीन, ध्वनिक्षेपकाचे भाडे, अल्पोपाहार दीडशे जणांचा. सोबत उपस्थितीपत्रक आणि चार फोटो. दीपप्रज्वलनाचा एक फोटो हवाच, त्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मी बेरीज तपासतो, शेरा मारतो आणि फाईल वर पाठवतो.

या कार्यक्रमांना मीही दोन-तीनदा जाऊन बसलो आहे. वक्ता बहुधा चांगला असतो, तळमळीने बोलतो. समोर उच्च माध्यमिकची मुले रांगेत बसलेली असतात, बरीचशी राष्ट्रीय सेवा योजनेची. शिक्षकांनी सांगितले म्हणून वेळेवर आलेली, शर्ट खोचलेली. ही मुले चांगली आहेत आणि ती चांगलीच राहणार आहेत. ज्यांच्यासाठी तो बॅनर रंगवलेला असतो तो त्या वेळी कुठल्यातरी पुलाच्या कठड्यावर, बंद पडलेल्या खाणीच्या वजनकाट्याजवळ, नाहीतर किनारपट्टीतल्या एखाद्या बारच्या मागच्या दाराशी बसलेला असतो. उपस्थितीपत्रकात जो आला नाही त्याच्यासाठी रकाना नसतो.

वाचकहो, हा लेख सरकारवर टीका करण्यासाठी नाही. ती मी केली तर मला शोभणारही नाही. लिहायचे आहे ते आपल्याबद्दल, म्हणजे गावोगावची भजनी मंडळे, घुमट आरतीची पथके, उत्सवाची नाटके करणारी मंडळी, शिगम्याचे रोमटामेळ आणि युवक संघ यांच्याबद्दल. वाट चुकू पाहणाऱ्या मुलांना धरून ठेवण्याचे काम गोमंतकात पिढ्यान् पिढ्या कोणी केले असेल तर ते या मंडळांनी. त्याला कोणी 'युवा कार्य' म्हणत नव्हते इतकेच. आणि ते काम अलीकडे आपण सोडले आहे, असे माझे मत झाले आहे. तसे ते का झाले ते सांगतो.

मी स्वतः १९९७ साली बारावीत नापास झालो. गाव डिचोली तालुक्यातले. दिवसभर काही काम नाही, घरात कोणी बोलत नाही आणि खिशात मटक्याची चिठ्ठी. मटका हा आमच्या गावात तेव्हा (आणि आताही) चहाइतका सहज मिळायचा. देवळाच्या अग्रशाळेत रोज रात्री भजनाची तालीम चाले. तिथले पेटीमास्तर वयस्कर होते, पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. एके दिवशी वाटेत मला पाहून ते म्हणाले, "पेटी जड झाली रे आता. आज रात्री देवळापर्यंत आणून दे." मी आणून दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. आठवड्याने त्यांनी माझ्या हातात अग्रशाळेतल्या कपाटाची चावी ठेवली. त्या कपाटात झांजा, तबल्याचा हातोडा, घुमटे, समयांचे तेल आणि दक्षिणेची पेटी, सगळे असे. मंडळात माझ्याहून गुणी मुले पुष्कळ होती. चावी त्यांतल्या कोणालाही देता आली असती.

मला गाता येत नव्हते. आजही येत नाही. पण चावी माझ्याकडे असल्यामुळे साडेसातला कपाट उघडायला मला जावेच लागे. मी गेलो नाही तर वीस माणसे पायरीवर बसून राहणार! मास्तरांनी मला मटक्याबद्दल एक शब्द विचारला नाही. "जेवलास?" एवढेच विचारायचे. पुढच्या वर्षी मी बारावी झालो, मग बीए झालो, मग ही नोकरी. हे सगळे चावीने केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. घरच्यांनी केले, नशिबाने केले. पण त्या वर्षात रोज साडेसात ते साडेनऊ मी कुठे होतो हे गावातल्या वीस माणसांना ठाऊक होते, आणि एका तरण्याताठ्या रिकाम्या मुलाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे. संध्याकाळचे ते दोन-तीन तास वाईट. दिवस आईबापांच्या नजरेखाली जातो, रात्री झोप येते. मधला वेळ कोणाचाच नसतो.

आता दुसऱ्या मुलाची गोष्ट. ही सांगायला मला जड जाते आहे, पण ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. त्याचे नाव घेत नाही. 

तो बारा वर्षांचा असताना आमच्या घुमट आरतीच्या पथकात आला. हात असा की ऐकत राहावे. घुमट वाजवणारे गावात दहा सापडतात, पण शामेळ धरणारा एखादाच. दोन बारीक काठ्यांवर साऱ्या आरतीची लय तोलायची असते. शामेळ चुकले की घुमटे भरकटतात आणि झांजा भलतीकडेच जातात. हा मुलगा चौदाव्या वर्षी पथकाचा शामेळवाला झाला. वडिलांचा खनिजाचा ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला. त्या काळात आमच्या पट्ट्यात ज्याच्या दारात ट्रक त्याच्या घरात सोन्याचा धूर, अशी स्थिती होती. मग २०१२ आले. सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. बेकायदा खाणकाम थांबायलाच हवे होते, त्याबद्दल माझा वाद नाही. आमच्या विहिरींनी आणि शेतांनी काय सोसले ते आम्हीच जाणतो. पण खाण थांबते तेव्हा बँकेचा हप्ता थांबत नाही. ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या टायरांत गवत वाढले. मध्यंतरी खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि न्यायालयाच्या निवाड्याने ८८ लीज रद्द होऊन १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. आता लिलाव झालेल्या काही ब्लॉकांत काम सुरू झाले आहे. या चढउतारात लोहखनिज किती निघाले, महसूल किती बुडाला याचे हिशेब विधानसभेत झाले. दारात ट्रक उभा असलेल्या घरातला सतरा वर्षांचा मुलगा त्या काळात काय करत होता, याचा हिशेब कोणी मागितला नाही.

तो बारावी सोडून किनारपट्टीवर कामाला जाऊ लागला. दुपारी मोटारसायकल काढायची, रात्री दोनला परत. जिथे काम तिथेच दारू, आणि दारूच्या पलीकडचेही. तालमीला येणे अनियमित झाले. आला की तोंडाला वास. एकदा आरतीच्या मध्येच उठून बाहेर जाऊन ओकला. लहान मुलांच्या आया कुजबुजू लागल्या. २०१४ च्या पावसाळ्यात, चवथ महिन्यावर असताना, पथकाच्या पेटीतले बाराशे रुपये कमी भरले. चावी त्याच्याकडे होती. मीच दिली होती, मास्तरांची आठवण ठेवून.

अग्रशाळेत बैठक झाली. तेवीस जण होते. पैसे त्यानेच घेतले हे कोणी सिद्ध केले नाही, आणि त्याला विचारायला कोणी त्याच्या घरीही गेले नाही. "स्पर्धा तोंडावर आली आहे", "पथकाचे नाव खराब होते", "एक नासका आंबा सगळी अढी नासवतो" असे बोलणे झाले. सरकारी नोकर म्हणून इतिवृत्त लिहिण्याचे काम नेहमी माझ्याकडे असते. त्याला पथकातून कमी करावे असा ठराव झाला आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले : 'सर्वानुमते'. माझे स्वतःचे मत तसे नव्हते. पण मी बोललो नाही. चावी मी दिली होती ना, म्हणजे चूक माझीच ठरणार होती. ती वही अजून कपाटात आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. ज्या दोन तासांत तो आमच्यात असे ते दोन तासही आता पुलावर गेले. २०१७ मध्ये किनाऱ्याकडे गांजासह सापडला. प्रमाण अल्प होते, दोन रात्री कोठडीत, मग जामीन, मग वर्षानुवर्षे तारखा. आई तारखेला सोबत जायची. आमच्यापैकी कोणी गेले नाही. मी सरकारी माणूस, कोर्टाच्या पायऱ्या मला माहीत आहेत, एक दिवसाची किरकोळ रजा टाकून जाता आले असते. गेलो नाही. बाराशे रुपयांचे म्हणाल तर तीन वर्षांनी उलगडा झाला. पथकातल्याच एका वडीलधाऱ्या गृहस्थाने घुमटांवर चामडे चढवून आणायला ते उचलले होते आणि सांगायला विसरले होते. बैठकीला ते हजर होते. त्यांना आठवलेच नाही. माणूस खोटा नव्हे, विसराळू. पण ज्याच्याबद्दल संशय आधीच तयार असतो त्याच्या बाबतीत कोणाला काही आठवत नाही!

घुमटाचा विषय निघाला म्हणून जरा विषयांतर. पूर्वी घुमटाला घोरपडीचे चामडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणे गुन्हा ठरले, तरी चोरून चालायचे. जुनेजाणते म्हणायचे, बकऱ्याच्या चामड्याचा काय घुमट वाजणार! आता सगळीकडे बकऱ्याचेच चामडे आहे, घुमट वाजतोच आहे, आणि २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मानही दिला. सांगायचा मुद्दा हा की जे बदलूच शकणार नाही असे आपण छातीठोकपणे सांगतो, ते पुष्कळदा बदलते आणि नादही टिकतो. मंडळांच्या रिवाजांचेही तसेच असावे.

कुठे बिघडले याचा मी बराच विचार केला. माझ्या मते एक मोठे कारण म्हणजे स्पर्धा. स्पर्धा वाईट असे मी म्हणत नाही. कला अकादमीच्या भजन आणि नाट्यस्पर्धांनी गोमंतकाला किती कलाकार दिले हे सर्वांना माहीत आहे. पण उत्सवासाठी भजन करणारे मंडळ आणि बक्षिसासाठी भजन करणारे मंडळ यांचा स्वभाव वेगळा असतो. उत्सवाच्या भजनात बेसूर माणसाला जागा असते, तो मागच्या ओळीत झांज वाजवतो. उत्सवाच्या नाटकात ज्याला एकही वाक्य धड म्हणता येत नाही त्याला हातात भाला देऊन शिपाई करतात, नाहीतर पडद्याच्या दोरीवर बसवतात. पण त्यालाही दोन महिने रोज तालमीला यावे लागते! स्पर्धेला शिपाई निवडून घ्यावा लागतो. परीक्षक समोर बसले की मंडळाचा संघ होतो, आणि संघात कच्चा गडी परवडत नाही. आमच्या त्या बैठकीत 'स्पर्धा' हा शब्द किती वेळा आला ते मी मोजले नव्हते, पण 'मुलगा' या शब्दापेक्षा नक्कीच जास्त.

नरकासुराचे पाहा. दिवाळीच्या आधी महिनाभर वाड्यावाड्यावर मुले जमतात. बांबू, कागद, गवत, खळ, रंग. एरवी घरात काडी इकडची तिकडे न करणारा मुलगा रात्री एकपर्यंत नरकासुराच्या बोटांना नखे चिकटवत बसतो. या महिन्यात वाड्यावरचा एकही मुलगा एकटा नसतो. यात सुतारकाम आहे, हिशेब आहे, चित्रकला आहे, वर्गणी मागायला दारोदार जाण्याचे शिक्षण आहे. आणि आपण वडीलधारी मंडळी काय करतो? कर्कश संगीताबद्दल वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. दारूच्या बाटल्यांबद्दल लिहितो. तक्रारी खऱ्या आहेत, त्या रात्रीचा गोंगाट मलाही सहन होत नाही, आणि हजारोंच्या बक्षिसांनी व पुढाऱ्यांच्या प्रायोजकत्वाने जे झाले आहे ते ओंगळ आहे. पण त्या मांडवात तीस दिवसांत एकदा तरी चहाची किटली घेऊन आपल्यापैकी कोण गेला? मुले पहाटे दारू पिऊन नाचतात हे खरे. आदल्या महिनाभर त्यांच्यात एक पन्नाशीचा माणूस बसला असता तर कदाचित कमी प्याली असती. आपण फक्त दहनाच्या वेळी उठतो, कारेटे फोडतो आणि शेरे मारतो. शेरे मारण्यात तर माझा हात कोणी धरणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना आवडणार नाही. देवळाचा चौक सर्वांचा, असे आपण भाषणात म्हणतो. सर्वांचा तो कधीच नव्हता. महाजन कोण, चौकात बसणार कोण आणि पायरीखाली उभा राहणार कोण, हे ठरलेले असे. माझ्या लहानपणी दोन वाड्यांवरची मुले भजनाला येत नसत आणि ती का येत नाहीत हे कोणी विचारतही नसे. आज उघड कोणी अडवत नाही, पण बोलावतही नाही. खाणीवर कामाला आलेल्या कन्नड मजुरांची मुले इथेच जन्मली, आपल्याच मराठी शाळेत शिकली. अनेक सरकारी मराठी शाळा त्यांच्या जोरावर तर तग धरून होत्या. ती मुले किती मंडळांत आहेत? मुलींसाठी तर रात्रीची तालीम बंदच. फुगडी पथके आणि महिला भजनी मंडळे झाली हे चांगले झाले, पण त्यांत लग्न झालेल्या बायका अधिक. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने घरात काही बिनसले तर संध्याकाळी जायचे कुठे? याचे उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या स्वतःच्या मुलीला मी साडेसातनंतर बाहेर पाठवत नाही.

आता नासक्या आंब्याबद्दल. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्या मुलाच्या संगतीत पथकातला आणखी एक जण प्यायला शिकला होता, हे खरे आहे. लहान मुलांच्या आयांची भीतीही खरी. पण मुलगा आंबा नव्हे. आंबा अढीतून काढून उकिरड्यावर टाकला की विषय संपतो. मुलगा काढून टाकला तरी तो त्याच गावात, त्याच रस्त्यावर, तुमच्याच मुलासमोर असतो. फरक इतकाच की आता तुम्ही त्याच्या शेजारी नसता. तालमीला पिऊन येऊ नये हा नियम हवाच. प्यालेल्याला त्या रात्री वाद्य देऊ नये, घरी पोहोचवावे. पण 'उद्या ये' हे शब्द त्याच्याबरोबर गेले पाहिजेत. आम्ही 'येऊ नकोस' म्हटले.

भजनाने व्यसन सुटते असला दावा मी करत नाही. ज्याचे हात सकाळी दारूशिवाय थरथरतात त्याला टाळ देऊन भागत नाही, त्याला डॉक्टर लागतो. बांबोळीची मनोरुग्ण चिकित्सा संस्था आहे, तिथे व्यसनांवर उपचार होतात. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट आहे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी १०९८ आहे. बरेच पालक पोलिसांच्या भीतीने मुलाला उपचारालाच नेत नाहीत. त्यांना सांगायला हवे की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४अ नावाचे एक कलम आहे. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पुरे करील तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. २०१७ मध्ये हे कलम मला माहीत नव्हते. कायद्याची पुस्तके माझ्या कचेरीतल्या कपाटात होती.

पण डॉक्टरपर्यंत नेणारा कोण? आणि डॉक्टरकडून परत आल्यावर संध्याकाळी साडेसातला काय? पर्वरीच्या 'सांगात' या संस्थेचे काम इथे लक्षात घेण्यासारखे आहे. ही संस्था १९९६ पासून गोव्यात आहे. त्यांनी आपल्या राज्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीचा सल्ला, आणि बाकीच्यांशी त्याखेरीज काही बैठका करून बोलण्याचे काम साध्या माणसांना दिले. ही माणसे मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, नर्सही नव्हती. स्थानिक, आपल्या भाषेत बोलणारी, त्या कामापुरते प्रशिक्षण दिलेली. तीन महिन्यांनी पाहिले तर ज्यांच्याशी कोणी बोलले त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, इतरांपैकी २६ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. छत्तीस आणि सव्वीस हा फरक काही चमत्कार नव्हे. पण दर दहांत एक माणूस जास्त. आमच्या पथकात तेवीस माणसे होती. त्याच संस्थेने त्याआधी सोळा ते चोवीस वयाच्या मुलांसाठी 'युवा मित्र' नावाचे काम केले होते. वाड्यावरचीच मुले निवडून, त्यांना तयार करून, गटचर्चा आणि पथनाट्ये यांतून बरोबरीच्या मुलांशी बोलायचे. म्हणजे जगाला जे आपल्या गोव्यातून शिकायला मिळाले ते आपल्या अग्रशाळेपर्यंत काही पोहोचले नाही.

सरकारकडून मला फार काही नको आहे. योजनांची उणीव नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, नेहरू युवा केंद्रे १९७२ ची, गोव्याचा बाल कायदा २००३ चा. रवींद्र भवने झाली, बाल भवनाची केंद्रे झाली. पण बाल कायदा अठराला हात सोडतो, सेवा योजनेचा विद्यार्थी कॉलेजात असावा लागतो, आणि रवींद्र भवन तालुक्याच्या ठिकाणी असते, तिथून रात्री वाड्यावर परतायला बस नसते. एकोणीस वर्षांचा, कॉलेज सोडलेला, पंधरा किलोमीटरवरचा मुलगा यांतल्या कशातच बसत नाही. त्याच्यासाठी वाड्यावर एक खोली, एक दिवा आणि रोज साडेसातला तिथे असणारा एक माणूस पुरे. त्या माणसाला थोडे मानधन द्या, आरोग्य केंद्राशी त्याची ओळख करून द्या, वर्षातून आठ दिवस प्रशिक्षण द्या. एका तालुक्यातल्या बॅनर, पुष्पगुच्छ आणि अल्पोपाहाराच्या बिलांत अशा एखाद्या माणसाचे मानधन भागेल. बेरीज माझ्या हाताखालून जाते म्हणून सांगतो.

मंडळांना मात्र मानधन नको, खोलीही आहे. त्यांनी फक्त वर्षातून एकदा आपल्या यादीकडे पाहावे. गेल्या दहा वर्षांत कोण यायचा थांबला आणि का, हे विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

तो मुलगा आता तिशीचा आहे. औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करतो. पितो, पण पूर्वीसारखे नाही असे त्याची आई सांगते. गेल्या चवथीला आमचे पथक त्याच्या शेजारच्या घरात आरती करत होते. मी खिडकीजवळ बसलो होतो. बाहेर रस्त्यावर तो मोटारसायकलवर बसून होता, आत आला नाही, आणि दोन बोटांनी पेट्रोलच्या टाकीवर ताल धरत होता. आमचा सध्याचा शामेळवाला पुण्याला नोकरीला गेला आहे, त्याच्या जागी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आहे, तो चुकत होता. टाकीवरचा ताल चुकत नव्हता.

दिवाळी झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. जाऊन काय बोलायचे हे ठरवले नव्हते. बाराशे रुपयांचे सांगितले. त्याला ते आधीच कळले होते. मग वहीत मी काय लिहिले होते तेही सांगितले. तो काही बोलला नाही. आईने चहा आणला. निघताना मी कपाटाची चावी कठड्यावर ठेवली. तो म्हणाला, "काका, हें सगळ्यांक विचारून?" मी म्हटले, नाही. त्याने चावी उचलून माझ्या हातात परत दिली. शनिवारपर्यंत रात्रपाळी आहे, म्हणाला.

रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तालीम चालू असताना पायरीपर्यंत आला, गाडी बंद न करता. थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग त्या लहान मुलाला म्हणाला, "दावो हात ल्हव मार रे", आणि गेला. मुलाने डावा हात हलका केला. सगळ्यांनी पाहिले, पण त्यावर कोणी काही बोलले नाही. तालीम रोज साडेसातला असते. कपाट सध्या मीच उघडतो.